कुपवाडच्या हळदीला झालेला दंड

हळदीच्या पाउचवर ‘एक्स्पायरी’ची तारीख नव्हती म्हणून मला 25 हजार रुपये दंड झाला. शेजारच्या गाळ्यात लोणच्याचा कारखाना आहे, त्या काकांच्या बरणीवरही ती नव्हती. त्यांना सुधारणा नोटीस आली, त्यांनी स्टिकर मारले, फोटो पाठवले, विषय मिटला. आम्हा दोघांची लेबलं एकाच छापखान्यातली, एकाच पोरानं कॉम्प्युटरवर जुळवलेली. तपासणीचा दिवस एकच आणि तपासायला आलेले अन्नसुरक्षा अधिकारी, म्हणजे साहेबही तेच.

हे कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. मार्केट यार्डात तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत विचारतात, “काकांनी किती सोडले?” काही सोडले नाहीत. ते साहेब आमच्याकडे पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायले. नमुन्याचे पैसे रोख मोजून दिले आणि पावतीवर माझी सही घेतली. पैसे खाणारा माणूस असता तर गोष्ट सोपी होती, शिव्या घालून मोकळी झाले असते. माणूस सचोटीचा होता आणि तरी एकाच चुकीचे दोन निकाल लागले, म्हणून दंड भरून झाल्यावरही ते डोक्यातून जाईना.

माझे सासरे यार्डात अडत करायचे. हळकुंड, गड्डे, कणी यांच्या सौद्यांत त्यांचं आयुष्य गेलं. दळून पाकिटात भरून विकायचा उद्योग मात्र माझा. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत गाळा घेतला, दळायचा पल्व्हरायझर, चाळणी आणि पाउच भरायचं मशीन बसवलं, पॅकिंगला आसपासच्या बायका आहेत. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पाकिटावर ते छापायचा मोह झाला होता. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते हे कळल्यावर सोडून दिलं. म्हणजे लेबलाच्या बाबतीत मी अगदीच आंधळी नव्हते. पण 2020 च्या लेबलिंग नियमांनी नुसतं ‘बेस्ट बिफोर’ पुरेसं ठेवलं नाही, वापरण्याची अंतिम तारीख सक्तीची झाली. आमच्या रोलवर ‘पॅकिंगपासून 12 महिने’ एवढंच होतं. छापखान्यातल्या पोरानं जुनी फाइल उघडून तीच पुन्हा छापली.

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. खवा, मिठाई, तेल, मसाले यांच्या तपासणी मोहिमेचे दिवस. साहेब आले तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. सकाळपासून ते एका मिरची कांडपवाल्याकडे होते. तिथं तिखटात रंग सापडला, पोती सील करण्यात अर्धा दिवस गेला, बाचाबाचीही झाली. हे मला नंतर कळलं. दारातून आत आल्या आल्या त्यांनी विचारलं,

“रंग कुठं ठेवता?”

रंग वापरता का, असं नाही. कुठं ठेवता.

“साहेब, रंग नाही वापरत आम्ही.”

“मालक कुठायत?”

“मीच मालक.”

“तसं नव्हं वहिनी, धंदा कोण बघतं?”

भिंतीवर माझ्या नावाचं अन्नसुरक्षा पर्यवेक्षकाच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. त्याच्याखाली उभं राहून साहेबांनी मशीनवरच्या मामांना हाक मारली आणि पुढचे सगळे प्रश्न मामांना विचारले. पाण्याचा तपासणी अहवाल कधीचा, कामगारांची वैद्यकीय तपासणी झाली का, कीड नियंत्रणाचं कंत्राट कुणाकडं. मामांना पल्व्हरायझरचा आवाज ऐकून बेअरिंग कधी जाईल ते सांगता येतं, कागद त्यांच्याकडं नसतात. ते दर प्रश्नाला माझ्याकडं बघायचे. ‘संबंधित व्यक्ती माहिती देऊ शकली नाही’ असा शेरा पडला. सगळे अहवाल लावलेली फाइल तेव्हा माझ्या हातात होती.

मग खिडकी. ज्यांनी हळदीची गिरणी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, भुकटी इतकी बारीक असते की ती बल्बवर, वायरींवर, मामांच्या भुवयांवर बसते. सकाळी पुसलेली जागा दुपारी पिवळी. साहेबांनी खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं आणि ते पिवळं बोट मला दाखवलं. कागदावर गेलं: ‘उत्पादन कक्षात साचलेली धूळ.’ खरं तर ताजी भुकटी आणि साचलेली धूळ ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. जुनी उजेडानं फिकी पडते, ओल धरून तिचे खडे होतात. ताजी फुंकरीनं उडते आणि रंगाला झणझणीत असते. फुंकर मारून बघा, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तपासणाऱ्या अधिकाऱ्याला फुंकर मारायला सांगायची छाती झाली नाही.

तपासणीची यादी 114 गुणांची असते आणि ती ठरलेली आहे. फोटो, जागा, वेळ सगळं ॲपवर चढतं. त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटतं की यात मन मानेल तसं करायला वाव कुठं आहे. वाव खिडकीच्या कट्ट्याएवढा आहे. यादीत ‘स्वच्छ’ हा मुद्दा असतो, पण हळदीच्या गिरणीत स्वच्छ म्हणजे काय, ते त्या क्षणी एका माणसाच्या डोळ्यांनी ठरतं. ते डोळे त्या दिवशी सकाळपासून रंगवलेलं तिखट बघून आले होते.

हळदीचा नमुना घेतला तेव्हा मात्र सगळं अन्नसुरक्षा कायद्याबरहुकूम. ‘पाच-अ’ फॉर्ममधली नोटीस, साक्षीदाराची सही, चार भाग, प्रत्येकावर चिठ्ठी आणि लाखेचा शिक्का. एक भाग तपासायला अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे साहेबांच्या वरच्यांकडे. चौथा भाग मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेकडे पाठवा असं आपण मागू शकतो. मी मागितलं, लेखी. साहेब पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलले: “हे तुम्हाला कुणी सांगितलं?” कायद्यात कलम 47 मध्ये लिहिलंय म्हटलं. ते गप्प झाले, पण भाग पाठवला. त्यात कसूर केली नाही.

काकांकडे ते गेले तेव्हा दिवे लागले होते. काका साठीच्या पुढचे, कपाळाला गंध, बोलणं मऊ. साहेब खुर्चीत टेकले, यादी आटोपती घेतली, बरणी हातात घेऊन म्हणाले, “काका, तेवढं एक्स्पायरीचं बघून घ्या.” नमुना घेतलाच नाही. काकांचं म्हणणं, बरोबर आणलेल्या बाटल्या संपल्या होत्या. असेलही. काकांच्या मागच्या खोलीत त्या दिवशी मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्यांची पिंपं उघडी होती, हे त्यांनीच मला हसत सांगितलं. तिकडं कुणी गेलंच नाही.

आमच्या दोघांच्या वाटा तिथंच फुटल्या. नमुना घेतला नाही तर लेबलातली उणीव कलम 32 च्या सुधारणा नोटिशीवर भागते, दुरुस्तीला निदान 14 दिवस मिळतात. नमुना घेतला की तो विश्लेषकाकडे जातो, विश्लेषक लेबलावरही मत देतो, ते विरुद्ध गेलं की प्रकरण न्यायनिर्णयासाठी, म्हणजे दंड ठरवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर सुनावणीला जातं आणि कलम 52 लागतं, 3 लाखांपर्यंत दंड. वरच्या कुठल्याच टेबलावर ‘शेजारच्याला काय दिलं’ हा प्रश्न कुणी विचारू शकत नाही, कारण शेजारच्याची फाइल त्यांच्यापर्यंत आलेलीच नसते. साहेब दमले होते की बाटल्या संपल्या होत्या, यावर पुढचं सगळं उभं.

माझ्या बहिणीची मुलगी पुण्यात संख्याशास्त्र शिकवते. तिला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, “मावशी, यावर अभ्यास झालाय.” मारिया इबान्येझ आणि मायकेल टॉफेल या दोघांनी अमेरिकेतल्या खाद्यपदार्थांच्या ठिकाणांच्या हजारो तपासण्या पाहिल्या, 2020 मध्ये त्यांचा लेख ‘मॅनेजमेंट सायन्स’मध्ये आला. दिवसात तपासणी जितकी उशिरा, तितक्या कमी चुका नोंदल्या जातात. नेहमीची सुटायची वेळ उलटून चालणारी असेल तर आणखी कमी. आणि आधीच्या ठिकाणी खूप चुका सापडल्या असतील तर पुढच्या ठिकाणी जास्त सापडतात. मिरचीवाला, मग मी, मग दिवेलागणीला काका. मी तिला म्हटलं, हे अमेरिकेत कशाला गेले, कुपवाडला आले असते तर एका दिवसात काम झालं असतं.

तेव्हा राग थोडा निवळला. साहेबांचा माझ्यावर डूख नव्हता आणि काकांवर जीवही नव्हता. पण निवळला म्हणजे मान्य झालं असं नाही. ज्याची दुसरी पाळी आली त्यानं पहिल्याची किंमत का भरायची?

विश्लेषकाचा अहवाल आला. आर्द्रता 10 टक्क्यांच्या आत, कुर्क्युमिन, म्हणजे हळदीचा पिवळेपणा देणारा घटक, किमान 2 टक्के लागतं त्यापेक्षा बरंच वर, भेसळीचा पिवळा रंग लेड क्रोमेट नाही. शेवटी एक ओळ: मिथ्याछाप, म्हणजे लेबल नियमाप्रमाणे नाही. खासगी प्रयोगशाळेचा अहवालही चोख आला, लेबलाबद्दल अवाक्षर न काढता. त्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. फी माझ्याकडून गेली होती. नमुना पोचल्यावर तिथल्या माणसाचा फोन आला, आवाजात अगदी आपुलकी: “मॅडम, कुठल्या पॅरामीटरचं टेन्शन आहे?” माझी हळद चांगलीच होती, त्यामुळे टेन्शन कशाचंच नव्हतं. पण असतं तर? गुजरातेत कारखान्यांच्या प्रदूषणाचं ऑडिट करणाऱ्यांवर एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी प्रयोग केला, 2013 मध्ये तो प्रसिद्ध झाला. कारखानाच ऑडिटर निवडतो आणि पैसे देतो तेव्हा आकडे मर्यादेच्या किंचित खाली येऊन गोळा व्हायचे. ऑडिटर चिठ्ठीनं ठरवला, पैसे सामायिक निधीतून दिले आणि मधूनमधून फेरतपासणी ठेवली, तर आकडे खरे यायला लागले, शिवाय कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. सरकारी माणूस मनानं झुकतो म्हणून आम्ही धंदेवाले ओरडतो, आणि आमच्या पैशानं झुकणारा माणूस आम्हाला ‘सहकार्य करणारा’ वाटतो.

सुनावणीच्या दिवशी बाकावर बरेच जण होते. माझ्या आधी तेलाचं प्रकरण, लेबलाचंच, पण तो व्यापारी उर्मटपणे बोलला आणि दंड ठरवणारे साहेब, हे वेगळे, चांगलेच तापले. माझ्यानंतर जत भागातल्या एका बचत गटाच्या ताई, पापडाच्या पाकिटावर पत्ताच नव्हता. मी वकील घेऊन गेले होते. बाहेर पडल्यावर वकीलच म्हणाले, “पुढच्या वेळी एकट्या या, आणि ती लॅपटॉपची बॅग घरी ठेवा. बघणाऱ्याला वाटतं, यांना झेपतंय.” फी घेतल्यानंतर हा सल्ला दिला, हेही नोंदवून ठेवते.

कलम 49 मध्ये दंड ठरवताना काय बघायचं ते सांगितलंय: चुकीतून किती फायदा झाला, कुणाचं किती नुकसान झालं, चूक पुन्हा पुन्हा झाली का, नकळत झाली का, आणि इतर काही. मी प्रत्येकाचं उत्तर एका पानावर लिहून नेलं होतं. तारीख न छापून माझी शाई वाचली असेल तेवढाच फायदा. नुकसान कुणाचं नाही. पहिलीच वेळ. उरलेल्या मालाला स्टिकर लावले, त्याचे फोटो जोडले. साहेबांनी पान घेतलं, वरची ओळ वाचली आणि मान वर केली.

“हळद? सांगलीची?”

“हो.”

“मग तुम्हाला तर जास्त जपायला पाहिजे. सांगलीची हळद म्हणजे नाव आहे.”

जे मानांकन मी पाकिटावर छापलंसुद्धा नव्हतं ते असं माझ्याविरुद्ध पडलं. पापडाच्या ताईंना त्यांनी समजुतीच्या सुरात दोन गोष्टी सांगितल्या, 5 हजार दंड झाला. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटायचं कारण नाही, त्यांना तेवढाही नको होता. पण पाकिटावर पत्ताच नसणं आणि तारखेचा एक प्रकार नसणं यांत जास्त गंभीर कोणतं, हे कुणीतरी कागदावर मांडायला हवं होतं.

आदेश घरी आला तो मी जेवणाच्या टेबलावर पेन घेऊन वाचला. ‘कलम 49 मधील बाबी विचारात घेऊन’ असं वाक्य होतं, विचार काय केला ते नव्हतं. चौथ्या परिच्छेदात मात्र एक रत्न सापडलं: ‘सदर खाद्यतेलाच्या वेष्टनावर.’ माझ्या हळदीच्या आदेशात तेल! आधीच्या माणसाच्या आदेशावरच नाव-गाव बदलून माझा टाइप झाला होता. त्या तेलवाल्याला किती झाला होता, ते मी बाकावरच ऐकलं होतं. 25 हजार. छापखान्यातल्या पोरानं जुनी फाइल उघडली म्हणून मला दंड झाला, आणि दंडाचा आकडाही कुणीतरी जुनी फाइल उघडूनच भरला असावा. सिद्ध करता येणार नाही. पण तेल तिथं अजून आहे.

वकील म्हणाले, न्यायाधिकरणात 30 दिवसांत अपील करता येईल, ‘तेला’वर आदेश टिकणं कठीण. मग त्यांनी खर्च सांगितला. तो दंडापेक्षा जास्त होता. छोटे दंड असेच टिकतात. ते बरोबर असतात म्हणून नव्हे, ते चूक ठरवणं परवडत नाही म्हणून. मोठी कंपनी अपिलात जाते, तिच्या प्रकरणात कारणं तपासली जातात, पुढच्या वेळी अधिकारी तिच्या बाबतीत जपून लिहितो. आमच्या वाट्याला जुनी फाइल. तक्रारीचंही तेच. अधिकाऱ्यानं त्रास देण्यासाठी कारवाई केली असं सिद्ध झालं तर कलम 39 खाली त्याला 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो, पण तक्रार खोटी ठरली तर तक्रारदाराला किमान 50 हजार. आणि माझी तक्रार तरी काय असणार होती? की साहेब आमच्याकडे चुकीच्या वेळी आले?

मी पैसे भरले.

पुढची तपासणी बदलून आलेल्या मॅडमनी केली. सकाळी दहाच्या सुमारास, दिवसातलं पहिलंच ठिकाण. “तुम्हीच ना मालक?” म्हणाल्या आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. फाइल शेवटपर्यंत वाचली. आत फिरल्या, त्याच कट्ट्यावरून बोट फिरवलं, बघितलं आणि हसल्या: “हळदीची गिरणी, पिवळंच असणार.” गुण भरघोस पडले. कट्टा तोच, भुकटी तीच, लेबल सोडलं तर आम्ही काहीही बदललं नव्हतं.

त्या दिवशी चाळणीची जाळी एका कोपऱ्यात सुटली होती. मामांनी सकाळीच दाखवली होती, नवीन जाळी दुपारी येणार होती, तोवर चाळणी बंद ठेवली होती. पण बंद आहे का ते मॅडमनी बघितलं नाही, झाकण उघडलंच नाही. पहिल्या साहेबांनी ते उघडलं असतं, खात्रीनं. तारेचा तुकडा पुडीत जाणं ही तारखेच्या छपाईपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट. संशयानं बघणारा माणूस धुळीला चुकला तरी जाळीला चुकला नसता. मॅडमचा माझ्याबद्दल ग्रह चांगला झाला होता आणि मी ब्र काढला नाही. तपासणीत कुणीतरी आपल्या बाजूनं झुकतं तेव्हा ते झुकणं आपल्याला दिसतच नाही, त्या वेळी तो आपला चोख कारभार असतो.

आता मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते: लेबलासारख्या गोष्टी कारखान्यात येऊन बघायची गरजच नाही. पाकिटाचा फोटो मागवा, कंपनीचं नाव झाका आणि कार्यालयात बसून ठरवा. तिथं ना कपाळाचं गंध दिसेल ना लॅपटॉपची बॅग. साहेबांचे पाय आणि डोळे चाळणीची जाळी, पिंपं, पाणी यासाठी राखून ठेवा. आणि मोहिमेच्या दिवसांत ज्यानं सकाळी धाड घातली त्याला दुपारी दुसऱ्या ठिकाणी एकट्याला पाठवू नका. एवढ्याशा गोष्टीला कायदा बदलावा लागत नाही.

मध्यंतरी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. कलम 52 खालच्या आदेशांच्या प्रती मागितल्या, पानाला 2 रुपयांप्रमाणे जे होतील ते भरायची तयारी लिहून दिली. उत्तर आलं, त्रयस्थ पक्षाची माहिती आहे, देता येत नाही. पहिलं अपील केलंय. त्यात लिहिलंय की सगळी नावं काळी करून द्या. मला प्रत्येक आदेशातली रक्कम, त्यामागचं कारण आणि त्या दिवशी सुनावणीला त्यांचा कितवा नंबर होता, एवढंच हवंय.